इलेक्ट्रा करताय? मग आधी दार कुठे लावणार ते ठरवा

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. तुमच्या हौशी ग्रुपला इलेक्ट्रा बसवायचंय, हाताशी सोफोक्लीस आणि युरिपिडीस या दोन प्राचीन ग्रीक नाटककारांच्या इलेक्ट्राची भाषांतरं आहेत, आणि गोष्ट दोन्हीकडे एकच. ट्रॉय जिंकून घरी आलेल्या अगामेम्नॉनला त्याच्या बायकोने, क्लायटेम्नेस्ट्राने, आणि तिच्या याराने, इजिस्थसने, मारलं, मुलगी इलेक्ट्रा घरात जळत राहिली, मुलगा ऑरेस्टीस परमुलखात वाढला आणि मोठा झाल्यावर परत येऊन त्याने दोघांना संपवलं. मग निवड करायची कशावरून? वर तुम्हाला एका जाणकारांनी सांगितलंय की ग्रीक शोकांतिकेत पात्रबित्र काही नसतं, सगळं नियती करते, आणि स्थळ कायम 'राजवाड्यासमोर' हेच, तेव्हा चार थर्माकोलचे खांब उभे करा की झालं काम. आणि शेवटी विचारलंय, की हे सरळ आपल्याकडच्या एखाद्या गावातल्या वाड्यात आणून बसवलं तर चालेल का.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, दोन्हींतलं कुठलं करा हे मी छातीठोक सांगणार नाही, कारण ते तुमची जागा कशी आहे, प्रेक्षक किती जवळ बसणार, कोरसला, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या घोळक्याला, किती पोरी मिळतायत आणि मुख्य म्हणजे इलेक्ट्रा करणारी कोण आहे यावर अवलंबून आहे. मी गेली वीसेक वर्षं शिबिरं घेतो, कॉलेजच्या पोरांबरोबर ग्रीक नाटकं बसवलीयत, काही बरी झाली, दोन साफ पडली. पडलेल्यांतून जास्त शिकलो, त्यातली एक गोष्ट खाली येईलच.

माझ्या मते अडचण निवडीची नाहीच. तुम्ही (आणि ते जाणकारही) पात्र म्हणजे स्वभाव आणि स्थळ म्हणजे नेपथ्य असं धरून चाललाय, म्हणजे एक खातं नटाचं आणि दुसरं सुताराचं. दिवाणखान्यातल्या नाटकाला हे चालून जातं, सोफा इकडचा तिकडे केला तरी नाटक तेच राहतं. ग्रीक शोकांतिकेत ही दोन खाती वेगळी नाहीत. तिथे माणूस कोण आहे हे तो दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे आणि तिथे उभं राहायचा त्याला हक्क आहे का, यावरूनच कळतं. दार हलवलं की माणूस बदलतो आणि माणूस बदलला की त्याच खुनाचा अर्थ बदलतो.

हे असं का, ते त्या थिएटरकडे बघितलं की लगेच कळतं. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिसस देवाचं नाट्यगृह, उघड्यावर, दिवसाउजेडी, वसंतातल्या उत्सवात नाटकांची स्पर्धा. लाइट नाहीत, पडदा नाही. नट सगळे पुरुष, तोंडावर मुखवटे, बोलणारे नट जास्तीत जास्त तीन, म्हणजे एकेकाच्या वाट्याला दोन-तीन भूमिका. पुढे कोरसची नाचायची-गायची मोकळी जागा, मागे एक इमारत, इमारतीला दार, आणि दोन बाजूंनी येणारे दोन रस्ते. प्रेतं बाहेर दाखवायला एक चाकांचा गाडा आणि देवाला वरून आणायला एक क्रेन, झालं, एवढ्यात सगळं. आता विचार करा, मुखवट्यावर भुवई हलत नाही, डोळ्यांत पाणी दिसत नाही, क्लोजअप नाही. मग नटाकडे उरतं काय? तो बोलतो काय, कुठल्या रस्त्याने येतो, आणि त्या दारातून आत जातो की नाही. खून तर जवळजवळ कायम दाराआड होतात, आपण बाहेर उभे राहून फक्त किंकाळी ऐकतो. म्हणजे दार हा सेटचा तुकडा नाही, ते नाटकातलं सगळ्यात ताकदवान पात्र आहे असं मी पोरांना सांगतो आणि पोरं हसतात, पण दुसऱ्या आठवड्यापासून दाराला नाव ठेवून त्याच्याशी भांडायला लागतात.

आता नियतीचं. ॲरिस्टॉटलने गोष्टीला पहिलं स्थान दिलं आणि पात्राला दुसरं, कृतीशिवाय शोकांतिका होणार नाही पण पात्राशिवाय होऊ शकेल असंही तो म्हणतो, हे खरंय, आणि लोक तेवढंच वाक्य घेऊन पळतात. पण त्याच्या लेखी पात्र म्हणजे काय, तर माणसाची निवड ज्यातून दिसते ते. त्या अंगाने सोफोक्लीसचं राजा इडिपसवरचं नाटक वाचून बघा. बापाला मारशील, आईशी लग्न करशील हे भाकीत होतं, कबूल. पण हा शोध चारचौघांत, राजवाड्याबाहेर, लोकांसमोर कर असं कुठल्याही भाकितात नव्हतं. त्याचा मेहुणा क्रेऑन डेल्फीहून, म्हणजे भाकीत सांगणाऱ्या अपोलोच्या देवळातून, निरोप घेऊन येतो आणि विचारतो, इथे सगळ्यांसमोर सांगू की आत जाऊया? इडिपस म्हणतो, सगळ्यांसमोर सांग. हीच त्याची निवड. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस नको म्हणतो, बायको योकास्टा नको म्हणते, म्हातारा मेंढपाळ नको म्हणतो, हा थांबत नाही. आणि शेवटी आंधळा होऊन पुन्हा लोकांत येतो तेव्हा क्रेऑनच सांगतो, याला आत न्या. जो माणूस सगळं दाराबाहेर बोलायचा हट्ट धरत होता त्याला दाराआड घेऊन जातात. यात नियती किती आणि माणूस किती हे तुम्हीच ठरवा.

बरं, गोष्ट प्रेक्षकांना आधीच माहीत असायची, आपल्याला कर्णाचं चाक रुतणार हे माहीत असतं तसंच. त्यामुळे 'पुढे काय' हे नाटककाराच्या हातात फारसं नव्हतंच. त्याच्या हातात होतं ते हे, की गोष्ट कुठून बघायची, कुणाच्या दारातून. आणि इलेक्ट्राच्या बाबतीत आपलं नशीब असं की तिघांचीही नाटकं आज हातात आहेत, एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस. तोच खून, तीन जागा. ग्रीक नाटक शिकायला याच्यापेक्षा चांगला संच नाही.

एस्किलसचं आहे इ.स.पू. ४५८ सालचं, तीन नाटकांच्या मालिकेतलं मधलं. त्याचा पहिला अर्धा भाग अगामेम्नॉनच्या कबरीपाशी होतो. आईला भयानक स्वप्न पडलंय, आपण साप व्यायलो आणि त्याने छातीतून दुधाबरोबर रक्त ओढलं, म्हणून तिने मुलीला दासींबरोबर कबरीवर तर्पण करायला पाठवलंय. तिथे भावाबहिणीची भेट होते, दोघं आणि कोरस मिळून मेलेल्या बापाला हाका मारतात, बराच वेळ, अंगावर येईल इतका वेळ. आणि मग? मग इलेक्ट्रा जाते ती परत येतच नाही. नाटक अर्धं राहिलंय आणि हिरॉइन गायब! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चूकच वाटली होती. पण बघा, इथे सूड कुणाचा आहे, तर मेलेल्याचा आहे, घराण्याचा आहे. मुलगी कबरीपाशी लागते, दारापाशी नाही. दार आलं की ऑरेस्टीस वाटसरू बनून ते ठोठावतो आणि दारात कोण येते, तर स्वतः क्लायटेम्नेस्ट्रा. घराची मालकीण कोण हे एका एंट्रीत कळलं. आधीच्या नाटकात याच दारातून तिने नवऱ्याला जांभळ्या वस्त्रांवरून चालवत आत नेलं होतं, आता तिला पोटचा पोरगा आत नेतो. आणि पुढच्या नाटकात स्थळ उठतं ते डेल्फीला जातं आणि तिथून थेट अथेन्सला, जिथे मतं टाकून खुनाचा निकाल लागतो. म्हणजे जागा कबर, मग घर, मग देऊळ, मग कोर्ट अशी सरकत गेली, आणि अर्थही तसाच सरकत गेला. यात एका मुलीच्या मनात काय चाललंय याला जागा कमीच.

सोफोक्लीसने काय केलं, तर कबर नजरेआड टाकली आणि सगळं नाटक मायसिनीच्या राजवाड्याच्या दारासमोर आणून ठेवलं. कबरीवर लोक जातात येतात, पण आपल्याला ती दिसत नाही. दिसते ती इलेक्ट्रा, दारात. एकदा बाहेर आली की जवळजवळ शेवटपर्यंत ती आपल्या डोळ्यांसमोरच आहे. आता हे 'दारात असणं' नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक प्रयोग पडतात. प्रतिष्ठित घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलीने असं दाराबाहेर उभं राहून मोठमोठ्याने रडायचं नसतं, आणि हे नाटक आपल्याला पुन्हा पुन्हा सांगतं. ती स्वतः कोरसच्या बायकांना म्हणते की इजिस्थस आज गावाबाहेर आहे म्हणून मी इथे दिसतेय. आई बाहेर येते ती पहिलं वाक्य काय बोलते, तर सुटलीस का पुन्हा मोकाट, दारात उभी राहून घरच्यांची अब्रू घालवू नकोस म्हणून तो तुला आवरत असतो, तो आज नाही ना. बहीण क्रायसोथेमिस सांगते की हे रडणं थांबलं नाही तर तुला ऊन दिसणार नाही अशा ठिकाणी कोंडणार आहेत. म्हणजे तिचं रडणं ही कृती आहे. तिच्या हातात तलवार नाही, पैसा नाही, माणूस नाही, तिच्याकडे आहे फक्त तो उंबरठा आणि आवाज, आणि ती तो आवाज घराच्या बाहेर, गावाच्या कानावर टाकत बसलीय, वर्षानुवर्षं. स्वभावाने हट्टी आहे असं म्हणून हे कळत नाही. ती कुठे उभी आहे ते बघितलं की हट्ट कळतो आणि त्याची किंमतही कळते.

आणि ऑरेस्टीस? नाटक सुरू होतं तेव्हा पहाट आहे, त्याला वाढवणारा म्हातारा त्याला गाव दाखवतोय, हे हेरा देवीचं देऊळ, हा तुझ्या बापाचा वाडा. तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज येतो. ऑरेस्टीस म्हणतो, ही इलेक्ट्रा असेल का, थांबून ऐकायचं का? म्हातारा म्हणतो, नाही, आधी देवाने, अपोलोने, सांगितलेलं काम. आणि ते निघून जातात! दोन मिनिटं थांबले असते तर भावाबहिणीची भेट तिथेच झाली असती. त्याऐवजी तो मेल्याची खोटी बातमी येते, डेल्फीच्या रथशर्यतीत कसा पडला त्याचं लांबलचक वर्णन, आणि नंतर ती रिकामा अस्थिकलश छातीशी धरून रडते आणि तो समोर उभा राहून बघतो. दाराच्या या बाजूचं दुःख आणि त्या बाजूची योजना, दोन वेगळी माणसं, आणि दोघं एकाच पक्षाची. सोफोक्लीस यावर एका शब्दाने भाष्य करत नाही. त्याला गरजच पडत नाही.

आईचा खून आत होतो, इलेक्ट्रा बाहेर. आतून किंकाळी येते आणि ही बाहेरून ओरडते, ताकद असेल तर अजून एकदा मार. मग इजिस्थस येतो, समोर झाकलेलं प्रेत बघून ऑरेस्टीसचंच आहे समजून खूश होतो, कापड उचलतो तर ती क्लायटेम्नेस्ट्रा. त्याला मारायला आत नेतात, कारण बाप जिथे मेला तिथेच मारायचं. तेव्हा हा नालायक माणूस, ज्याच्याबद्दल आपल्याला काडीची सहानुभूती नाही, विचारतो की काम चांगलं असेल तर त्याला अंधार कशाला लागतो, इथेच का मारत नाहीस? आणि या प्रश्नाला धड उत्तर मिळत नाही. दार उघडं, ऑरेस्टीस त्याला आत ढकलतोय, आणि नाटक संपतं. न्याय झाला की नाही हे बोलून सांगितलं असतं तर ते भाषण झालं असतं. दाराने सांगितलं म्हणून शंका आपल्याबरोबर घरी येते.

युरिपिडीस हा खट्याळ माणूस. त्याने राजवाडाच काढून टाकला. मागच्या इमारतीचं दार आता एका गरीब शेतकऱ्याच्या झोपडीचं आहे, आर्गॉसच्या सरहद्दीवर, डोंगरात. इलेक्ट्राचं लग्न या शेतकऱ्याशी लावून दिलंय, कारण राजघराण्यात दिली तर तिचा मुलगा सूड घेईल ही भीती. शेतकरी भला माणूस, तिला हातही लावलेला नाही. ही पहाटे डोक्यावर घडा घेऊन पाण्याला निघते. तो म्हणतो, अगं तू कशाला, मी सांगितलंय ना नको करूस. आणि ती स्वतःच आधी सांगून मोकळी झालेली असते की मला गरज आहे म्हणून मी हे करत नाही, इजिस्थसने माझे काय हाल केलेत ते देवांना दिसावं म्हणून करते. वाचताना मी इथे कायम थांबतो. सोफोक्लीसच्या इलेक्ट्राला दाराबाहेर उभं राहायलाही चोरी होती, हिला कुणी कोंडलेलं नाही, हिच्यासमोर अख्खा डोंगर मोकळा आहे, आणि ही आपलं दुःख डोक्यावर घेऊन मिरवतेय. दुःख खोटं नाही हं. खरंच आहे. पण मिरवतेयही. शेजारणी हेराच्या सणाला चल म्हणतात तर हिचे केस, हिच्या चिंध्या, कपडे आम्ही देतो म्हटलं तरी नाही.

इथला ऑरेस्टीसही जागेवरूनच कळतो. तो गावात शिरतच नाही, सरहद्दीवर थांबतो, कुणी ओळखलं तर पटकन पलीकडे सटकता यावं म्हणून, आणि हे तो स्वतःच सांगतो. सूड घ्यायला आलेला वीर एक पाय बाहेर ठेवून उभा! मग शेतकरी पाहुण्यांना घरात बोलावतो आणि इलेक्ट्रा त्याच्यावर चिडते, घरात काय आहे म्हणून या मोठ्या माणसांना आत घेतलंस. हा प्रसंग रिहर्सलमध्ये वाचला की हमखास सगळ्या पोरी हसतात, कारण हा संवाद प्रत्येकीने घरी ऐकलेला असतो. शेतकरी म्हणतो, खरंच खानदानी असतील तर थोडक्यात भागवतील. राजवाड्यात हे वाक्य येऊच शकत नाही. झोपडीचं दार असल्याशिवाय 'खानदानी कोण' हा प्रश्न नाटकात शिरत नाही, आणि हळूहळू लक्षात येतं की आख्ख्या नाटकात सगळ्यात सरळ माणूस तो शेतकरीच आहे.

आणि खून. इजिस्थस गावाबाहेर वनदेवतांची पूजा करतोय, अनोळखी वाटसरूंना अगत्याने बोलावतो, आणि यज्ञाच्या पशूची आतडी वाकून बघत असताना ऑरेस्टीस त्याला मागून घाव घालतो. पाहुणचार करणाऱ्याला, पूजेच्या जागी, पाठीमागून. आईला बोलावतात ते मूल झालंय, दहाव्या दिवसाचा विधी करायला ये असं खोटं सांगून. ती रथातून येते, बरोबर ट्रॉयच्या दासी, आणि इलेक्ट्रा म्हणते, सांभाळून हो, घर धुराचं आहे, काजळी लागेल तुझ्या कपड्यांना. आठवतंय ना, एस्किलसमध्ये अगामेम्नॉन रथातून आला होता, बरोबर ट्रॉयची कॅसँड्रा, आणि पायाखाली जांभळी वस्त्रं? तोच प्रसंग, फक्त वस्त्रांच्या जागी काजळी. एका आईला नातवंड बघायला म्हणून झोपडीत बोलावून मारलं. त्यानंतर भाऊ-बहीण दोघंही कोसळतात, वर देव प्रकट होतात आणि ते देवच म्हणतात की अपोलो शहाणा खरा, पण हा आदेश काही शहाणपणाचा नव्हता. राजवाड्यासमोर हा खून वंशाचा हिशोब वाटू शकतो. चुलीच्या धुरात तो फक्त खून उरतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, एस्किलसची जागा कबर म्हणून सूड मेलेल्याचा, सोफोक्लीसचा उंबरठा म्हणून सूड अडकलेल्या मुलीचा, आणि युरिपिडीसची झोपडी म्हणून सूडाचा सगळा रुबाबच उतरवलेला. नियती तिन्हीकडे सारखीच होती हो.

(जाता जाता, हे फक्त इलेक्ट्रापुरतं नाही. बेटावर टाकून दिलेल्या फिलॉक्टेटीस या वीराची गोष्टही तिघांनी लिहिली होती, आज सोफोक्लीसचंच नाटक उरलंय, इ.स.पू. ४०९ चं, पण तिन्ही वाचलेल्या एका जुन्या लेखकाने तुलना करून ठेवलीय त्यामुळे कळतं की बाकी दोघांकडे कोरस लेम्नॉस बेटावरच्या रहिवाशांचा होता. सोफोक्लीसने बेटच निर्मनुष्य केलं, आणि ओडिसियसबरोबर निओप्टोलेमस हा कोवळा पोरगा पाठवला. आता दहा वर्षं एकट्या पडलेल्या जखमी माणसाला खूप काळाने आपल्या भाषेत बोलणारं कुणी भेटतं, आणि तो त्याला फसवायला आलेला आहे. बेटावर वस्ती असती तर ही फसवणूक इतकी लागली असती का?)

माझा पडलेला प्रयोग सांगतो म्हणालो होतो. सोफोक्लीसचंच इलेक्ट्रा, शहरातलं नेहमीचं प्रोसेनियम, म्हणजे समोरच्या चौकटीतून बघायचं, थिएटर, मागे काळा पडदा, एंट्र्या सगळ्या विंगेतून. दार ठेवलंच नव्हतं, मला वाटलं प्रतीकात्मक करू, प्रेक्षक समजून घेईल. मुलगी उत्तम होती, आवाज होता, पाठांतर चोख. प्रयोगानंतर एक काका येऊन म्हणाले, सगळं छान, पण ती एवढी रडतेय तर निघून का जात नाही? मला राग आला होता तेव्हा. घरी जाताना कळलं की काका बरोबर आहेत, मी तिला अडवणारं काही ठेवलंच नाही, त्यामुळे ती नुसती रडकी दिसली. दोन वर्षांनी तेच नाटक, तीच मुलगी, एका जुन्या शाळेच्या चौकात केलं. मागे खरं जाड लाकडी दार, आतून कडी लागणारं. आम्ही एवढंच केलं की कुणी आत गेलं की आतून कडी लावायची, आवाज येईल अशी. पाच-सहा वेळा तो आवाज ऐकल्यावर 'ही जात का नाही' हा प्रश्न कुणालाच पडला नाही. संवादात एक शब्द बदलला नव्हता.

तेव्हापासून रिहर्सलच्या पहिल्या आठवड्यात मी स्वभावावर चर्चा करू देत नाही. प्रत्येक एंट्रीला नटाने फक्त इतकं सांगायचं, की मी आत्ता दाराच्या कुठल्या बाजूला आहे, इथे उभं राहायची परवानगी मला कुणी दिलीय, आणि पलीकडे गेलो तर माझं काय होईल. क्रायसोथेमिस करणारी एक मुलगी वैतागून म्हणाली होती, सर मी तर सारखी आत-बाहेर करते, मला काहीच होत नाही. म्हटलं बाई, तेच तुझं पात्र आहे.

आता वाड्याचं. बसवू शकता, कुणी अडवत नाही, पण घाई करू नका. एक तर जागा लांबची असणं हा त्या नाटकांच्या रचनेचाच भाग होता. पर्शियनांनी मिलेटस हे ग्रीक शहर घेतलं त्यावर फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने नाटक केलं तेव्हा अख्खं थिएटर रडलं आणि अथेन्सने त्याला १,००० ड्रॅक्मा दंड केला, आपलीच जखम आठवून दिली म्हणून, असं इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. त्यानंतरची शोकांतिका बहुतेक थीब्जमध्ये, आर्गॉसमध्ये, ट्रॉयमध्ये घडते, घरची दुखणी दुसऱ्याच्या अंगणात ठेवून बघितली जातात. तुम्ही ती ओढून आपल्या वाड्यात आणलीत की ते अंतर जातं, आणि मग लोक 'हे अमुक घराणं तर नव्हे' एवढंच शोधत बसतात. दुसरं म्हणजे वाडा घेतला तरी प्रश्न सुटत नाही, कारण वाड्यालाही दिंडी दरवाजा आहे, परसदार आहे, आणि कुठल्या दारात कोण उभं राहू शकतं याचे आपले नियम आहेत. ते नियम नाटकात वापरणार असाल तर आणा. नुसती नऊवारी आणि समई आणणार असाल तर थर्माकोलचे खांब काय वाईट?

मग तुम्ही कुठलं करावं? तुमच्याकडे उघडी जागा आणि खरंखुरं बंद होणारं दार असेल, आणि दीड तास स्टेज न सोडता आवाज टिकवणारी मुलगी असेल, तर सोफोक्लीस. ती नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, तिच्यावर अख्खं नाटक उभं आहे. प्रेक्षक जवळ बसणार असेल, हॉल छोटा असेल आणि तुमच्या नटांना घरगुती बोलण्यातला बोचरेपणा जमत असेल तर युरिपिडीस, फक्त शेतकऱ्याच्या भूमिकेला ग्रुपमधला उरलासुरला नट देऊ नका, चांगला द्या. कोरस कमी असेल तर दोन्हीकडे पाचेक बायकांत भागतं असा माझा अनुभव आहे, पण त्यांना शेजारणी म्हणून बसवा, गाणाऱ्या मूर्ती म्हणून नको. ऑरेस्टीसच्या मित्राला, पायलडीसला, संवाद नाहीत म्हणून काढून टाकू नका, दोन्ही नाटकांत तो गप्प आहे आणि तो गप्प माणूस दाराशी उभा असला की आपोआप दडपण येतं.

आणि प्रॉपर्टीच्या यादीत एक गोष्ट आजच लिहून ठेवा. सोफोक्लीस केलंत तर अस्थिकलश, युरिपिडीस केलंत तर घडा. पोलस नावाच्या एका ग्रीक नटाने इलेक्ट्रा करताना कलशात स्वतःच्या मेलेल्या मुलाची राख आणली होती अशी गोष्ट सांगतात. तुम्ही तसलं काही करू नका, कलश रिकामाच ठेवा, तो रिकामा आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं आणि तिला नसतं, सगळा प्रसंग त्यावरच आहे. घड्यात मात्र पाणी खरं भरा, काठोकाठ, आणि पहिल्या रिहर्सलपासून भरा, म्हणजे शेतकरी 'राहू दे गं' म्हणतो तेव्हा ती तो का खाली ठेवत नाही हे त्या मुलीला स्वतःच्या मानेवरून शोधावं लागेल.